काट्यामागचा कागद

एक

खारी गावच्या मिठागराच्या बांधावर धर्मा मेलेला सापडला, तेव्हा 'कुणी मारलं' हा प्रश्न गावात कुणालाच पडला नाही. उत्तर सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. सत्तेचाळीस सालच्या फेब्रुवारीतली धुक्याची सकाळ होती. मिठागराचा राखणदार धर्मा बांधाच्या तोंडाशी, वाट अडवायच्या त्याच्या साखळीपासून हातभर अंतरावर पडला होता. त्याच्या अंगावरून गेलेल्या गाडीची चाकं ओल्या चिखलात उमटली होती. रुंद चाकं, खोल नक्षी. तसले टायर भाईंदरच्या बाजूला सहसा दिसत नसत. ते लष्करी टायर होते, लढाई संपल्यावर लिलावात निघालेले, आणि तसे टायर उत्तनच्या पास्कलच्या लॉरीला होते.

पास्कल मासळीची लॉरी हाकायचा. ठाण्याला जायला त्याला बांधावरची वाट जवळ पडे आणि धर्मा त्याला साखळी काढून देत नसे. दोघांची रोजची हुज्जत. धर्मा मरायच्या थोडेच दिवस आधी पास्कल चारचौघांदेखत म्हणाला होता, "एक दिवस साखळीवरून न्हाय, तुझ्यावरून गाडी नेईन." बोलून मोकळा झाला, आणि आता तेच बोलणं त्याच्या गळ्याशी आलं. दुपारच्या आत फौजदाराने त्याला उत्तनच्या घरातून उचललं आणि भाईंदरच्या चौकीत नेऊन बसवलं. त्याने सकाळीच लॉरी धुतली होती. मासळीची लॉरी रोजच धुवावी लागते, पण हे कुणी लक्षात घ्यायला तयार नव्हतं.

संध्याकाळी पास्कलची बायको ॲलिस शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. ते दार मॅबेलचं. मॅबेल पास्कलची सख्खी आत्या, गावच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून नुकतीच घरी बसलेली. दोन घरांत मिळून विहीर एक, आणि तिच्या हक्कावरून आत्या-भाच्यात सहा वर्षं अबोला. मॅबेल स्वभावाने गोड आहे असं म्हणणारं माणूस उत्तनमध्ये शोधून सापडलं नसतं. तिलाही त्याची हौस नव्हती.

ॲलिसने सांगितलं की पास्कल त्या पहाटे घरातच झोपला होता. होड्या लागल्याच नव्हत्या, मासळी नव्हती, मग लॉरी काढून तो जाणार कुठे? पण बायकोच्या शब्दाला चौकीत कोण विचारतं? मॅबेलने हे सगळं उंबऱ्याच्या आतून ऐकलं आणि पास्कलने जीभ आवरली असती तर ही पाळी आली नसती, एवढंच उत्तर दिलं. ॲलिसने डोळे पुसले. मग तिचाही आवाज चढला.

"तसले टायर एकट्या आमच्याच गाडीला न्हवते, मॅबेलबाय. लिलावात चार घेतले. दोन आमच्या लॉरीला लावले आणि दोन बोस्कोच्या पिकपला. त्याला कोण का विचारत न्हाय?"

मॅबेलने दार तिच्या तोंडावर लावून घेतलं.

दोन

बोस्को हा मॅबेलच्या मैत्रिणीचा, कार्मिनचा मुलगा. बिनबापाचा. मॅबेलने शेकडो पोरांना छड्या मारल्या आणि जीव लावला तो या एकाला. तो पहिलीपासून तिच्या ओट्यावर वाढला, तिच्याकडे गणितं सोडवली, तिच्या ताटात जेवला. आता तो खारीच्या काळूरामशेटकडे, म्हणजे धर्मा ज्या मिठागरावर राखणीला होता त्याच्याच मालकाकडे, एक जुनाट पिकप चालवत होता.

त्या पिकपशी मॅबेलचंही नातं होतं. लिलावातले मोठे टायर मागच्या चाकांना चढवल्यापासून गाडीचा स्पीडचा मीटर खोटं बोलायला लागला होता. मीटरला काय, चाक किती वेळा फिरलं तेवढंच कळतं. चाक मोठं झालं, एका फेऱ्यात जास्त वाट कापू लागलं, हे त्याला कोण सांगणार? काटा ताशी वीस मैलांवर असायचा आणि गाडी चोवीसने पळायची. घोडबंदर रस्त्यावरच्या नाक्यावर बोस्को जास्त वेगासाठी दोनदा पकडला गेला आणि तिसऱ्या वेळी टीचरकडे आला.

घड्याळ दोघांकडेही नव्हतं. मॅबेलकडे जपमाळ होती. तिची 'नमो मारिया' ही प्रार्थना कधी लांबत नसे की आखडत नसे. चर्चच्या घड्याळाच्या पाच मिनिटांत ती बरोबर वीस वेळा व्हायची. घोडबंदर रस्त्यावर मैलाच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत किती मणी सरतात हे मोजून तिने गाडीचा खरा वेग काढला. मग कागदाची गोल पट्टी कापली, तिच्यावर लाल शाईने आपल्या हाताने नवे आकडे घातले, आणि बोस्कोने मीटरची काच काढून ती पट्टी काट्यामागे चिकटवली. छापील विसाच्या जागी लाल चोवीस आले. मीटर पुन्हा खरं बोलू लागला.

धर्मा मेला त्याच्या आधीच्या रविवारी बोस्कोने तिला याच पिकपमधून घोडबंदर रस्त्यावरच्या काशी गावात, तिथल्या चर्चमध्ये एका बाप्तिस्म्याला नेलं होतं. वाटेत दोघांनी जपमाळेवर रोझरी म्हटली. प्रार्थनेचा पहिला भाग तिने म्हणायचा, दुसरा त्याने. काटा लाल चोविसावर होता, मैलाचा दगड मागे पडला तेव्हा तिने पहिला मणी धरला आणि दहावा सुटला तेव्हा पुढचा दगड आला. देवाचं नाव घेताना आपल्या कागदाचं कौतुक वाटणं बरं नव्हे, हे तिला कळत होतं. तरी वाटलं.

तर अशा बोस्कोचं नाव ॲलिसने घेतलं होतं, आणि ती ते उद्या गावभर घेणार हे उघड होतं. मॅबेल दुसऱ्या दिवशी टांगा करून भाईंदरच्या चौकीत गेली ती पास्कलसाठी नव्हे. बोस्कोच्या नावाला चिखल लागण्याआधी तिला ही गोष्ट निकालात काढायची होती.

फौजदार मिराशी घाटावरचे. त्यांना या खाडीकाठच्या हवेचा आणि माणसांचा सारखाच कंटाळा होता. पिकप आपण तेव्हाच पाहून आलो, असं ते म्हणाले. तिची मागची चाकं साधी, अरुंद होती. लष्करी टायर फाटले म्हणून ड्रायव्हरने नाताळच्या आधीच काढून टाकले होते आणि मूळची चाकं परत बसवली होती. मालकानेही तसंच सांगितलं होतं.

"म्हणजे चिखलातल्या खुणांची गाडी आता एकच उरते, बाई. तुमच्या भाच्याची. सोमवारी त्याला ठाण्याला पाठवतो. पुढचं कोर्ट बघेल."

मॅबेलचा जीव भांड्यात पडला. बोस्को सुटला होता. जे ऐकायचं असतं ते कानावर पडलं की हुशार माणसालाही पुढचं गणित सुचत नाही, तसंच तिचं झालं. पण आलोच आहोत तर भाच्याचं तोंड बघून जावं, म्हणून ती कोठडीकडे वळली.

पास्कल गजांजवळ आलासुद्धा नाही. "विहिरीला कुलूप लावायला किल्ली मागायला आलीस का, टीचर? लाव. मी काय आता परत येत न्हाय."

तिने विचारलं, तू मारलंस का. तो हसला, वाईट हसला.

"मी मारायचा असता तर पुढून जाऊन मारला असता. धर्माच्या अंगावरून गाडी घालून त्याला उशी द्यायला मी काय पाद्री हाय?"

"कसली उशी?"

"ते त्याच्या बायकोला विचार. ती हितं फौजदाराला तेच सांगत होती."

तीन

रुक्मिणीच्या दारात खारीच्या बायका बसल्या होत्या. उत्तनची बाई येताना दिसली तशी त्यांनी वाट सोडली नाही. मॅबेलला अंगणात उभं राहूनच बोलावं लागलं. एकीने तिच्या पायाशी थुंकल्यासारखं केलं आणि दुसरीने तिला आवरलं नाही.

"तुमच्या मानसानं माजा मानूस चिरडला न तू माज्या दारान आलीस?" रुक्मिणी म्हणाली. ती रडत नव्हती. रडून झालं होतं.

मॅबेलला सांत्वन जमत नसे. तिने सरळ विचारलं, उशी कसली. प्रश्न इतका कोरडा होता की बायका गप्प झाल्या. रुक्मिणीने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि ज्या गोष्टीने तिला झोप येत नव्हती ती एका परक्या, नावडत्या बाईला सांगून टाकली.

धर्माच्या डोक्याखाली घडी केलेली गोणी होती. मिठाची गोणी, काळूरामशेटच्या मिठागरावर असतात तसली. फौजदाराने ती पाहिली आणि बांधावर गोण्या पडलेल्याच असतात म्हणून सोडून दिली.

"सगला बांध दंवान भिजलेला व्हता. माती वली, साखली वली, त्याचे कपरे वले. न ती गोनी घडीच्या आतून सुकी व्हती. मी माज्या हातान काडली." तिने हात पुढे केला, जणू ती गोणी अजून त्यात होती. "भायेर परलेली गोनी सुकी रेल काय? ती कनीतरी गारीतून काडली न त्याच्या डोक्याखाली घातली. मारनारा उशी देतंय काय, बाय?"

पास्कलच्या लॉरीत मासळीच्या टोपल्या असत आणि ओलं बर्फ. सुकी गोणी त्या लॉरीत औषधालासुद्धा मिळाली नसती. सुकी गोणी निघाली होती ती मिठाच्या गाडीतून, आणि खारीत मिठाची मोटार एकच होती.

चार

गाडी एक असली तरी तिच्यात बसणारी माणसं दोन, ही मॅबेलने स्वतःची घातलेली समजूत होती. काळूरामशेट आणि धर्मा यांचंही पटत नव्हतं, हे रुक्मिणीनेच सांगितलं होतं. धर्मा बांधाच्या तोंडाशी फाटक मागत होता, शेट देत नव्हता. मॅबेलला मनापासून वाटत होतं की हे काम शेटचंच असावं. वाटण्याला पुरावा लागत नाही.

काळूरामशेट मिठाच्या राशीजवळ खुर्ची टाकून बसला होता. त्याने तिला दुसरी खुर्ची मागवली नाही. उत्तनच्या लोकांनी आपला राखणदार मारला आणि वर चौकशीला येतात, हे त्याने मजुरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मॅबेलने विचारलं, त्या पहाटे पिकप कोण चालवत होतं. तो म्हणाला, बोस्कोच चालवतो, दुसरं कोण चालवणार. सकाळी तो उत्तनहून गाडी घेऊन आला तेव्हा धर्माला बघायला अर्धं गाव बांधावर जमलेलं होतं.

"तुम्ही स्वतः चालवत नाही?"

"मना गारीत बसता येतं, टीचरबाई. हाकता येत असती तं ड्रायव्हर कशाला ठेवला असता?"

टायर कधी बदलले हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं का, असंही तिने विचारलं. शेट वैतागला. टायरातलं आपल्याला काय कळतंय, गाडीच्या मागे वाकून चाकं बघायला आपण रिकामे नाही, बोस्को म्हणाला बदलले म्हणजे बदलले, पोरगा खोटं बोलणारा नाही, असं त्याने एका दमात सांगून टाकलं. मग तिला लवकर घालवायचं म्हणून असेल, त्याने बोस्कोलाच हाक मारून टीचरला घरी सोडायला सांगितलं.

बोस्को डोळे खाली घालून आला. चेहरा ओढलेला. तिने ताप आहे का म्हणून त्याच्या कपाळाला हात लावला तर तो दचकला. धर्माचं फार वाईट वाटतं, एवढं म्हणाला. गाडी सुरू झाली आणि मॅबेलची नजर सवयीने मीटरवर गेली.

कागद नव्हता.

काट्यामागे मूळचे छापील आकडे होते. सगळी तबकडी जुनी, पिवळी, आणि आकड्यांभोवतीची गोल पट्टी तेवढी स्वच्छ पांढरी, कालपरवाच उघडी पडल्यासारखी.

"माझा कागद कुठे गेला रे?"

बोस्कोने गाडी खड्ड्यातून काढली आणि मग उत्तर दिलं. "काल काढला, टीचर. टायर नाताळच्या आधी बदलले तेव्हाच काढायला पायजे होता. लहान चाकांना छापलेले आकडेच बरोबर हाएत. राहून गेला होता, झालं."

तिला पटलं. गणित बरोबर होतं. मोठी चाकं गेली की लाल आकडे चुकीचे आणि छापील बरोबर, यात शंका घेण्यासारखं काहीच नव्हतं. उत्तनला उतरताना तिने त्याला तब्येत सांभाळ म्हणून बजावलं, आणि तो निघून गेल्यावरही बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली. काहीतरी खुपत होतं, पण काय ते सापडत नव्हतं.

पाच

सापडलं ते दिवेलागणीला, देवघरासमोर. ती एकटीच गुडघ्यावर बसून रोझरी म्हणत होती. दहाव्या मण्यावर बोटं आली आणि थांबली.

रविवारी दहाव्या मण्याला दगड आला होता.

तिने माळ खाली ठेवली. रविवारी कागद जागेवर होता, काटा लाल चोविसावर होता आणि एका मैलात दहा मणी झाले होते. दहा मणी म्हणजे अडीच मिनिटं. अडीच मिनिटांत मैल म्हणजे चोवीसचाच वेग. याचा अर्थ रविवारी तिचा कागद खरं बोलत होता. आणि कागद खरं बोलत असेल तर रविवारी पिकपला मोठी चाकं होती. नाताळ होऊन महिना उलटून गेला होता.

लहान चाकं असती तर लाल चोवीस दिसताना गाडी विसाने गेली असती. मैलाला तीन मिनिटं लागली असती. बारा मणी. दहा नव्हे, बारा.

ती स्वतःवर चिडली. आपण त्या दिवशी घाईत म्हटलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. सकाळी चर्चसमोर उभी राहून तिने घड्याळाकडे बघत प्रार्थना म्हटली. मोठा काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर गेला तेव्हा विसावी संपली. जन्मभर ज्या नेमकेपणाचा तोरा मिरवला तो आता तिला नकोसा झाला होता. आपण एकदा तरी चुकलो असू, अशी तिने देवाकडे भीक मागितली.

रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी पास्कल ठाण्याला जाणार होता. मॅबेल कार्मिनच्या घरी गेली आणि बोस्कोला म्हणाली, मला काशीच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावायची आहे, चल.

सहा

गाडी घोडबंदर रस्त्याला लागली. ऊन चांगलं वर आलं होतं, रस्ता मोकळा होता. तिने त्याला काटा विसावर धरायला सांगितलं. पेट्रोल वाचेल म्हणाली. त्याने धरला. मग तिने माळ काढली.

मैलाचा दगड मागे पडला तसा तिने पहिला मणी धरला आणि आपला अर्धा भाग म्हटला. त्याने आपला म्हटला. दुसरा, तिसरा. लहानपणापासूनची सवय, त्याचं तोंड आपोआप चालत होतं. सहाव्या मण्याला तो रस्त्याच्या कडेला बघायला लागला. आठव्याला त्याचा आवाज खाली गेला. दहावी प्रार्थना संपली आणि दगड कुठेच दिसत नव्हता.

अकरावीचा अर्धा भाग मॅबेलने म्हटला. पुढचा अर्धा आला नाही. तिने तोही स्वतःच म्हटला, त्याच ठेक्यात. बारावीही तिने एकटीने पुरी केली, आणि दगड खिडकीजवळून मागे गेला.

बोस्कोने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"मागल्या रविवारी दहा झाल्या होत्या," ती म्हणाली. "तूच म्हणत होतास माझ्याबरोबर."

त्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. धर्मा मेला त्या पहाटे धुकं होतं, असं तो तिथूनच सांगू लागला. उशीर झाला होता म्हणून तो जोरात आला. धर्मा त्याच्यासाठीच साखळी काढायला पुढे आला होता, पास्कलला अडवायचा पण बोस्कोला कधी नाही. दिसला तेव्हा चाकाखाली होता. सीटखालची गोणी काढून त्याने त्याच्या डोक्याखाली दिली.

"म्हणजे जिवंत होता."

"माझं नाव घेत होता, टीचर. सारखं माझं नाव घेत होता." त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं. "कोणी आलं असतं तर त्यांनाही तेच ऐकू आलं असतं. मी गाडी पाठी घेतली आणि पळालो."

बांध सोडून तो लांबच्या वाटेने उत्तनला परतला, घरामागे मूळची चाकं पडली होती ती चढवली, मोठी लपवली आणि मग जणू नुकताच निघालोय असा खारीला गेला. तसलेच टायर पास्कलच्या लॉरीलाही आहेत हे त्याला तेव्हाच आठवलं होतं का, असं तिने विचारलं. त्याने नाही म्हटलं नाही.

"आणि कागद? मीटरकडे कोण बघणार होतं? राहू दिला असतास तर मला कधीच कळलं नसतं."

बोस्कोने मान वर केली. "तुमच्या अक्षरातले आकडे होते, टीचर. चाकं बदलल्यावर ते खोटे झाले. सारखे समोर दिसायचे. बघवेना."

मॅबेलला वाटलं आपण इथेच, या गाडीतच, मरावं. बोस्को मग घाईघाईने बोलू लागला. तो आता तिला ओळखीचा नव्हता. तिने गप्प बसावं, एवढंच तो मागत होता. पास्कल तुमचा कोण लागतो, असं त्याने विचारलं. पास्कल तुम्हांला गावभर चेटकीण म्हणतो, सहा वर्षांत त्याने तुम्हांला घोटभर पाणी दिलं नाही, तुम्ही मेलात तर खांदा द्यायला मी येणार, तो नाही. यातला एक शब्दही खोटा नव्हता.

"मला तो आवडत नाही," ती म्हणाली. "तू आवडतोस. तुझ्यासाठी मी काहीही केलं असतं, आजसुद्धा. पण त्या बांधावर तो नव्हता, बोस्को. तू होतास." मग तिने माळ गुंडाळली. "गाडी फिरव. चौकीत जायचंय. तुझ्या तोंडाने सांग, म्हणजे मला सांगावं लागणार नाही."

त्याने गाडी फिरवली. पण भाईंदर येईपर्यंत ती दाराची मूठ धरून बसली होती, कारण काटा विसावर राहिला नव्हता, आणि तो कितीवर आहे हे तिला या वेळी बघायचं नव्हतं.

सात

फौजदार मिराशींनी सगळं ऐकून घेतलं. जपमाळेवर खून उघडकीला आला हे वर कळवायचं कसं, याची त्यांना चिंता पडलेली दिसली. पास्कलला त्यांनी तिथेच सोडून दिलं. तो मॅबेलसमोरून गेला, दारात थांबला आणि मागे न बघता म्हणाला, "माझ्यासाठी न्हाय केलंस तू हे. मला माहीत हाय." तो निघून गेला.

टायर ताब्यात घ्यायला दोन शिपाई उत्तनला निघाले. टायर कार्मिनच्या घरामागे जुन्या जाळ्यांच्या ढिगाखाली होते, असं बोस्कोने सांगितलं होतं. तिला परक्या तोंडून कळू नये म्हणून मॅबेल त्यांच्या पुढे गेली. कार्मिन ओट्यावर तांदूळ निवडत होती. दोघं परत आलात का, बोस्को कुठे राहिला, जेवायला थांब, असं ती एकातून एक बोलत राहिली, आणि मॅबेलला मधे शिरायला जागाच सापडेना. शेवटी तिने कार्मिनच्या हातातलं सूप काढून बाजूला ठेवलं आणि सांगितलं. काहीही न लपवता, गोणीसकट, धर्मा जिवंत होता त्यासकट.

कार्मिन ओरडली नाही. उठली, घरामागे गेली आणि शिपायांनी हात लावायच्या आधी तिने स्वतःच ती जड जाळी ओढून काढली. खाली दोन रुंद टायर होते. खोल नक्षीत अजून बांधाचा राखाडी चिखल वाळून बसला होता.

"मी बघितले होते," कार्मिन म्हणाली. "ठेवले त्याच दिवशी बघितले. मला वाटलं, चोरीचे हाएत. पोरगा चोर निघाला म्हणून रोज रातीला त्याच्यासाठी माळ ओढत होते मी. देवा, त्याला चोरीची माफी दे, म्हणून."

तिने जाळं हातातून सोडलं.

"आता काय मागू, ते तू सांग, मॅबेल. त्याला मी नुसतं जेवू घातलं. शिकवलं तूच."

शिपायांनी टायर उभे केले आणि एकामागून एक घरंगळत रस्त्याकडे नेले. मॅबेल ढिगाजवळ उभी होती. कार्मिन उत्तराची वाट बघत तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मॅबेलची बोटं माळेवर पहिला मणी शोधू लागली.